कंसात, सूटकेस उचलतो

मला सगळे क्यूताई म्हणतात. ऑडिशनला आलेली माणसं कॅमेऱ्यासमोर उभी राहून आपली वाक्यं म्हणतात, तेव्हा समोरच्या पात्राची वाक्यं कुणाला तरी कॅमेऱ्याच्या बाजूला बसून वाचावी लागतात. त्याला क्यू देणं म्हणतात. ते मी करते, गेली नऊ वर्षं. पडद्यावर मी कुठेच नाही, पण माझ्यासमोर रडलेली, माझ्यावर ओरडलेली, मला लग्नाची मागणी घातलेली तीन-चार हजार माणसं तरी या शहरात फिरत असतील. त्यातली दहा-बारा नावारूपाला आली. रस्त्यात भेटली तर ‘अगं, क्यूताई!’ म्हणून थांबतात, आणि मग गप्पच होतात, कारण पुढचं वाक्य मी द्यायची त्यांना सवय असते.

या कामाला नियम एकच. समोरच्याच्या वर जायचं नाही. आवाज सपाट ठेवायचा, वाक्य वेळेवर टाकायचं आणि बाजूला व्हायचं. सुरुवातीला मी वाक्यांत जीव ओतायचे. तेव्हा दादाने मला बाहेर बोलावलं. दादा म्हणजे कास्टिंग करणारा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, पण काम देणं त्याच्या हातात असल्यामुळे सगळ्या जगाचा दादा. तो म्हणाला, “ताई, ऑडिशन तिची आहे. तू भिंत हो.” मी भिंत झाले. इतकी बेमालूम झाले की एकदा एका पोराने माझ्या खांद्यावर जॅकेट टाकलं आणि संवाद म्हणायला लागला.

मी मूळची नटी. ‘मूळची’ हे सांगावं लागतं यातच काय ते आलं. चौदा वर्षं रांगेत उभी राहिले, त्यातली शेवटची नऊ या रांगेत आणि क्यूच्या खुर्चीवर अशी दोन्हीकडे. यंदा एक्केचाळीस वय झालं तेव्हा रांगेतून बाहेर पडले, पण खुर्ची सोडली नाही. पाय दुखतात हो उभं राहून. मनाचं म्हणाल तर त्याला सवय झाली होती, असं मला वाटत होतं.

त्या सोमवारी दादाने नव्या वेब सिरीजची पानं माझ्या हातात ठेवली. विनोदी सिरीज, आठ भाग. एका भाड्याच्या घरात राहणारे चार धडपडे नट, आणि त्यांची मोठं काम मिळवण्यासाठी चाललेली पळापळ. मी म्हटलं, “बरंय. आपल्याच लोकांना आपलंच हसं करायला बोलवायचं.” दादा हसला नाही. तीन दिवसांत मुख्य मुलगी निवडायची होती, आणि बाहेरच्या बाकांवर सकाळी नऊलाच बावीस मुली बसल्या होत्या.

खरी गंमत पुढेच होती. धडपड्या नटाचं काम करायला धडपडे नटच आले होते आणि एकालाही ते जमेना. सकाळच्या सत्रात घरातल्या मोठ्या भाडेकरूच्या भूमिकेसाठी एक गृहस्थ आले. अकरा वर्षांत त्यांना तीन कामं मिळालेली, त्यातल्या दोनांत ते पाठमोरे. कॅमेरा सुरू झाला आणि त्यांनी खांदे पाडले, डोळ्यांखालून हात फिरवला, उसासे टाकले. दादा म्हणाला, “अहो, जरा साधं करा, तुम्ही रोज असता तसं.” ते म्हणाले, “रोज मी बरा असतो.” आणि ते खरंच होतं. रोज आम्ही सगळे बरेच असतो.

दुपारी चहाच्या वेळी मी पुढची पानं चाळली, कारण मुलींना चौथा प्रसंग करायचा होता. शीर्षक होतं, ‘रुग्णालय, दिवस’. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि चहाचा कप तसाच हातात राहिला. ती माझी गोष्ट होती.

गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी बाबा रुग्णालयात होते. त्यांची डावी बाजू गेली होती, जीभ तेवढी शाबूत होती. बाबा कोर्टात वाचक होते. जबान्या, अर्ज, हुकूम, जे समोर येईल ते न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचून दाखवायचं, ही त्यांची नोकरी. खुनाची कबुली आणि रजेचा अर्ज ते एकाच सुरात वाचत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. म्हणायचे, “आपण वाचायचं. रडायचं असेल तर ज्याचं आहे तो रडेल.”

त्या दिवशी दुपारी मला निरोप आला की एका मालिकेसाठी प्रसंग रेकॉर्ड करून पाच वाजेपर्यंत पाठवा. नवरा घर सोडून जातोय आणि बायको त्याला अडवते, असा प्रसंग. आई आंघोळीला घरी गेलेली. मग मी फोन सलाइनच्या स्टँडला बँडेजच्या पट्टीने बांधला आणि बाबांच्या उजव्या हातात पानं दिली. म्हटलं, बाबा, तुम्ही नवरा.

बाबांनी चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली. “मी हे घर सोडून चाललो आहे. कंसात, सूटकेस उचलतो.” मी म्हटलं, बाबा, कंसातलं वाचायचं नसतं. ते म्हणाले, “कागदावर आहे ते सोडून द्यायचं? मग कागद कशाला?” पुन्हा सुरू. “तुझ्याबरोबर मी सुखी नव्हतो. कंसात, थांबून. कधीच नव्हतो.” मी हुंदके देत होते, जाऊ नकोस म्हणत होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची बायको उठून आली आणि बाबांना म्हणाली, “अहो, या वयात, या अवस्थेत, कुठे चाललात घर सोडून? आणि पोरीला काय असं बोलायचं?” बाबा तिला म्हणाले, “बाई, मी फक्त वाचतोय.” तेवढ्यात नर्स धावत आली, तिला वाटलं बाबा गेले. सलाइनच्या स्टँडला फोन बघून तिने माझा जो उद्धार केला तोही रेकॉर्ड झाला. असे नऊ टेक केले.

ही गोष्ट मी बाहेर बाकावर बसलेल्या पोरांना सांगते. माझ्या कामात ते नाही, पण थरथरत आत आलेल्या मुलीला क्यू देण्यापेक्षा आधी पाच मिनिटं हसवलेलं बरं. कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही. आणि तिचा शेवट मी असा सांगते, की नववा टेक झाला, मी फोन काढून बाजूला ठेवला आणि बाबांना घट्ट मिठी मारली.

ती मिठी थाप आहे. फोन मी बाजूला ठेवला नव्हता. पाचला वीस मिनिटं कमी होती आणि त्या मजल्यावर नेटवर्क नव्हतं. मी फोन ओढून काढला आणि गच्चीकडे धावले. तिथे व्हिडिओ जायला पाऊण तास लागला. खाली आले तेव्हा आई परतली होती आणि बाबा झोपले होते. त्यानंतर ते नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. मालिकावाल्यांकडून मला ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, काहीच कळलं नाही.

अगदी पहिल्यांदा मी हा खरा शेवट एका मुलीला सांगितला होता. ती चेहरा पाडून आत गेली आणि तिची ऑडिशन पार बोंबलली. तेव्हापासून मिठी घातली. पोरांसाठी म्हणून घातली, आणि सांगता सांगता तिची मलाच सवय झाली.

आता ती मिठी छापील होऊन समोर आली होती. ‘ती फोन बाजूला ठेवते. बाबांना घट्ट मिठी मारते.’

लेखक कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. चष्मेवाला, तिशीचा, दिसायला सज्जन. मी पानं त्याच्यापुढे धरली. तो उठून उभाच राहिला. “ताई, तुमचीच आहे. चार वर्षांपूर्वी मी इथे ऑडिशनला आलो होतो, तेव्हा तुम्ही बाहेर सांगितली होती. विचारायला हवं होतं. मी फोन करणार होतो.”

“ऑडिशनला आला होतास? मग?”

“नापास झालो. म्हणून तर लिहायला लागलो.”

त्याच्यावर रागवायला हवं होतं, पण रागवायलाही अंगात ताकद लागते. शिवाय त्याने लिहिलं छान होतं. मी दादाकडे गेले आणि म्हटलं, “ही मुलगी मी करते.”

दादाने आधी मान वर केली, मग भुवया. “ताई, मुलगी अठ्ठावीसची आहे.”

“मी पण एकोणतीसचीच होते.”

“तेव्हा.”

“दादा, नऊ वर्षांत मी काही मागितलं नाही.”

हे खरं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. तो म्हणाला, सगळ्या झाल्या की शेवटी तुझी घेऊ. मला नाव नको होतं, पोस्टरवर चेहरा नको होता. खरंच नको होता. मला ती मिठी मारायची होती. खोटी तर खोटी, भाड्याच्या खाटेवरच्या परक्या माणसाला तर परक्या माणसाला, पण एकदा फोन बाजूला ठेवून मारायची होती. दुसऱ्या कुणी ती माझ्यादेखत मारावी हे मला सहन होणार नव्हतं.

आणि तीन दिवस तेच झालं. एक्केचाळीस मुली आल्या. एक्केचाळीस वेळा मी कॅमेऱ्याशेजारी बसून बाबांची वाक्यं वाचली. “मी हे घर सोडून चाललो आहे. कंसात, सूटकेस उचलतो.” सपाट, एकाच सुरात. वेगळं काही करावं लागतच नव्हतं. नऊ वर्षं मी जे करत होते ते बाबांचंच काम होतं, हे मला त्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी उमगलं. शेवटी मुली स्टुलावर उभ्या ठेवलेल्या उशीला मिठी मारत. कुणी उशीचा जीव जाईल अशी मारली, कुणी कॅमेऱ्यात आपला चेहरा दिसेल अशी बेताने मारली. सतरा नंबरची मुलगी बाबांच्या ‘कंसात’ला खुदकन हसली, आणि हसल्याबद्दल सॉरी म्हणाली. तिचं हसू मला आवडलं, म्हणून तिचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता बाक रिकामे झाले. मी उठले आणि भिंतीवर पार्श्वभूमीला लावलेल्या निळ्या कागदासमोर उभी राहिले. माझ्या खुर्चीत दादा बसला. कॅमेऱ्यावरची मुलगी म्हणाली, “ताई, नाव, वय, उंची.” उंची मला आठवेना.

दादाने वाचलं, “मी हे घर सोडून चाललो आहे.”

मी म्हटलं, “कंसात, सूटकेस उचलतो.”

दादा म्हणाला, “ताई, ते बाबांचं.”

“हो हो. पुन्हा घे.”

पुन्हा घेतलं. माझी वाक्यं मला पाठ होती, बारा वर्षं पाठ होती, पण दादाने तोंड उघडलं की माझ्या तोंडी बाबांचंच पुढचं वाक्य येई. तिसऱ्यांदा मी माझी वाक्यं म्हणाले, पण अशी म्हणाले, की जणू कुणी रजेचा अर्ज वाचतंय. आवाज वर जाईना. कुठेतरी आत मी समोरच्यासाठी जागा सोडत होते, आणि समोर दादा होता, त्याला जागेची गरज नव्हती. शेवटी उशीपाशी गेले. मिठी मारायच्या ऐवजी मी तिच्या खोळीची सुरकुती सरळ केली. का केली ते मला सांगता येणार नाही.

“छान,” दादा म्हणाला. तो छान मला ओळखीचा होता. दिवसातून चाळीसदा मी तो ऐकते.

मला लाज वाटली. उमेदवारीच्या काळात शंभरदा नापास झाले असेन, पण लाज कधी वाटली नव्हती, कारण ती कामं दुसऱ्यांची होती. या वेळी मी माझ्याच कामात नापास झाले होते.

घरी आई जुना स्वेटर उसवत बसली होती. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिला माझं काम काय आहे ते नीट कळलेलं नाही. शेजारणींना सांगते, पोरगी सिनेमाच्या ऑफिसात वाचक आहे. म्हणजे वडिलांच्याच जागी लागली असं त्या समजतात. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं, तरी तिने विचारलं, “काय गं, पडलीस का कुठे?”

“नाही. जेवायला वाढ.”

आठ दिवसांनी दादाचा फोन आला. आवाजात हसू होतं. “ताई, बसलीयस ना? दिग्दर्शकाने सगळ्या टेप बघितल्या. सतरा नंबर फायनल. पण मला म्हणाला, प्रत्येक टेपमध्ये तो बाप कोण आहे? मी म्हटलं, ती आमची क्यूताई. तर म्हणतो, मला तीच पाहिजे. बापाच्या जागी आई करून टाकू.”

“माझी आई?”

“सिरीजमधली आई. खाटेवरची. बाकी वाक्यं तीच, कंसासकट. मेकअपने तुला पासष्टची करू.”

म्हणजे माझं काम सतरा नंबर करणार, आणि मी माझ्या बाबांचं. चौदा वर्षांनी मोठं काम मिळालं ते असं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी तारखा विचारल्या. नाही म्हणायचं मनात येऊन गेलं. मला जी मिठी मारायची होती ती आता मला कुणीतरी येऊन मारणार होतं, आणि मी नुसती पडून राहणार होते. पण आमच्या लोकांत कामाला नाही म्हणायची रीत नाही. त्या रात्री अंथरुणावर सरळ पडून मी हात जागेवर ठेवून पाहत होते, तर आईने बघितलं.

“हे काय चाललंय?”

सांगितलं. सगळं नाही, काम तेवढं. ती उठून माझ्या उशाशी आली. मग म्हणाली, “ते असे सरळ नव्हते झोपत. उजव्या अंगाला कलायचे. आणि डावा हात दिसू नये म्हणून पांघरुणात घ्यायचे. तू यायचीस ना, तेव्हा तर हमखास.” तिने माझा डावा हात उचलून पांघरुणात घातला. मला हे माहीत नव्हतं.

शूटिंग एका बंद पडलेल्या गोदामात होतं. आत रुग्णालयाची खोली उभी केली होती, तीन भिंतींची. खाट खरी होती, सलाइनमध्ये पाणी होतं. दाराबाहेर लाकडी जिन्याच्या पाच पायऱ्या होत्या आणि पुढे काही नव्हतं, नुसत्या वायरी. मेकअपवाल्या बाईंनी मला पासष्टची करायला दीड तास मागितला होता, तो चाळीस मिनिटांतच आटोपला. “तुमचं फार करावं लागलं नाही,” त्या म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या.

सतरा नंबरने येऊन माझ्या पायाला हात लावला. “ताई, तुम्ही क्यू दिला म्हणून मला हे मिळालं. तुमच्याकडे बघूनच मला हसू आलं आणि भीती गेली.” मी म्हटलं, “काम कर नीट.” माझ्याकडे तेवढंच होतं तिला द्यायला.

टेक सुरू झाले. मी उजव्या अंगाला कलले, डावा हात पांघरुणात, पानं उजव्या हातात. फोन स्टँडला बांधलेला. “मी हे घर सोडून चाललो आहे. कंसात, सूटकेस उचलतो.” कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसू दाबलं. मुलगी रडत होती, अडवत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिची नजर क्षणभर फोनकडे जात होती. आपण चौकटीत आहोत ना, उजेड पडतोय ना, रेकॉर्ड होतंय ना. तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. नट आहे, तिची नजर जाणारच.

बारा वर्षं मला एकच गोष्ट खात होती. त्या नऊ टेकमध्ये मी बाबांकडे एकदाही धड बघितलं नाही. मी फोनकडे बघत होते. शेवटचे शुद्धीतले दोन तास त्यांनी मला दिले आणि मी स्वतःला चौकटीत बसवत होते. ते खाटेवरून हे बघत होते, आणि त्यांना काय वाटलं असेल या विचाराने मी कितीदा अर्ध्या झोपेतून उठले आहे.

आता खाटेवर मी होते. ती पोरगी माझ्याकडे बघत नव्हती, आणि मला वाईट वाटत नव्हतं. मी वाट बघत होते वाईट वाटायची. पण माझ्या मनात एवढंच येत होतं, की हिच्या केसाची बट डोळ्यावर येतेय, ती मागे घ्यायला हवी. हिचा आवाज बसत चाललाय, पाणी द्यायला हवं. माझं वाक्य तिला वेळेवर मिळायला हवं, म्हणजे तिला रडता येईल. हे काम हिला मिळू दे. बस, एवढंच. दुसरं काही मनात येतच नव्हतं.

मग मिठी. तिने फोन बाजूला ठेवला आणि मला मिठी मारली. केसांना स्प्रेचा वास होता. “कट,” दिग्दर्शक म्हणाला. “आणखी एक.” दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली, पाच वेळा मारली. पोरगी मनापासून मारत होती, पण ती मिठी प्रसंगाला बाहेरून चिकटवल्यासारखी वाटत होती. दिग्दर्शक उठून आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “खोटं वाटतंय काहीतरी. मघापर्यंत छान चाललंय आणि इथे एकदम खोटं. लेखक कुठेय?”

लेखक आला. त्याने पानं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “ताई, तुम्ही तर असंच सांगितलं होतं ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर सहावा, सातवा टेक झाला असता आणि कधीतरी ती मिठी बसली असती. आठ भागांत, हजारो लोकांसमोर, कायमची. मग ती थाप राहिली नसती.

“मिठी काढा,” मी म्हटलं. “तशी मिठी नव्हतीच. ती मी बाहेर पोरांना सांगायला घातली होती. पाचला वीस मिनिटं कमी होती. तिथे नेटवर्क नव्हतं. तिने फोन घेतला आणि गच्चीकडे पळाली.”

लेखकाचा चेहरा उतरला. दिग्दर्शकाने विचारलं, “आणि खाटेवरचं माणूस? त्याला वाईट वाटतं?”

“नाही,” मी म्हटलं. “अजिबात नाही.”

माझा आवाज तेव्हा सपाट नव्हता, हे माझं मलाच ऐकू आलं.

मिठी काढली. सगळे आपापल्या जागी गेले. सतरा नंबरने माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, मी खरंच नुसतं पळू?” मी म्हटलं, “पळ. मागे बघू नकोस. उशीर झालाय तुला.”

टेक सुरू झाला. तिने शेवटचं वाक्य म्हटलं, फोन बघितला, वेळ बघितली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. पट्टी ओढून फोन काढला आणि धावली. दाराला तिचा खांदा दाणकन आपटला. तशीच बाहेर पडली आणि लाकडी पायऱ्यांवर तिची पावलं वाजली.

“हळू जा गं, पडशील!” माझ्या तोंडून निघून गेलं.

ते कागदावर नव्हतं. कंसातही नव्हतं. मला वाटलं दिग्दर्शक ओरडेल, पण तो खूश झाला होता. हाच टेक घेऊ म्हणाला, लोक हसतील आणि त्यांच्या घशातही काहीतरी येईल म्हणाला. मुलगी खांदा चोळत परत आली. माणसं दिवे हलवायला लागली. मी पांघरुणातून डावा हात काढला, त्याला मुंग्या आल्या होत्या.

लेखक पानावर ते वाक्य लिहून घेत खाटेपाशी आला. हळूच म्हणाला, “ताई, हे तुमचे बाबा म्हणाले होते का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “म्हणाले असतील. मी तोवर जिना चढून गेले होते.”